बी-हेवीची टिपणी : साखर कारखान्याच्या एम.डी. कार्यालयातल्या प्रकल्प नोंदी, जुलै ते नोव्हेंबर २०२५

१४ जुलै

साहेबांनी, म्हणजे कार्यकारी संचालकांनी (एम.डी.), आज काम लावून दिलं. संचालक मंडळापुढे जाणाऱ्या टिपण्यांचे मसुदे एआयकडून करून बघायचे, पण प्रश्न विचारण्याचा साचा आधी ठरवायचा आणि मगच सुरुवात करायची. पहिला विषय त्यांनीच निवडला: येत्या हंगामात मळी बी-हेवीला काढायची की सी-हेवीला, आणि किती. बी-हेवी मळीत साखर जास्त सोडलेली असते, म्हणून इथेनॉल जास्त आणि साखर कमी मिळते; सी-हेवीत साखर जवळपास सगळी काढून घेतलेली असते.

ऊसपट्ट्यात सध्या एआय म्हटलं की बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टचा उसाचा प्रयोग आठवतो: सेन्सर, उपग्रह, पाण्याचे आणि खताचे सल्ले. तो शेतातला भाग झाला. आमचं काम टेबलावरचं आहे, आणि तिथली दुखणी जुनी आहेत. टिपणी चार-चार पानांची असते, निर्णय कशाचा घ्यायचाय ते तिसऱ्या पानावर कळतं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, 'तरी सदर विषय मा. संचालक मंडळापुढे विचारार्थ व निर्णयार्थ सादर'. शिफारस कुठेच नसते. मग बैठकीत पहिला तास विषय समजून घेण्यातच जातो.

साचा न वापरता काय येतं ते आधी पाहिलं. 'इथेनॉलबाबत संचालक मंडळासाठी टिपणी तयार कर' एवढंच लिहिलं. झटकन दोन पानं आली, भाषा गुळगुळीत. हरित इंधन, सर्वांगीण विकास, शेतकऱ्यांचं सक्षमीकरण असं सगळं त्यात होतं. आमच्या कारखान्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि असणार तरी कुठून.

२१ जुलै

साचा ठरला. आज जसा वापरला तसाच इथे उतरवून ठेवतो:

'वाचणारे: सहकारी साखर कारखान्याचे संचालक. बहुतेक स्वतः ऊस उत्पादक, आकडे पटकन वाचतात, प्रस्तावना वाचत नाहीत. निर्णय: हंगाम २०२५-२६ मध्ये बी-हेवी आणि सी-हेवी मळीचं प्रमाण. निर्णय घेणार: संचालक मंडळ. शिफारस करणार: कार्यकारी संचालक. आधार: सोबत जोडलेले कागद, बाहेरचं काहीही नको. आकडे लाख आणि कोटीत, साखर क्विंटलमध्ये, ऊस टनात. उत्तर: पहिल्या तीन ओळींत शिफारस आणि तिचा पैशातला परिणाम, मग कारणं, मग गृहीतकांचा तक्ता, मग शिफारशीविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा. दीड पानाच्या वर नको.'

'तू तीस वर्षांचा अनुभव असलेला साखर तज्ज्ञ आहेस' असं सुरुवातीला लिहिण्याचा सल्ला सगळीकडे देतात. तेही करून पाहिलं. त्याने आवाज भारदस्त झाला, मजकुरात भर पडली नाही. वाचणारे कोण आणि ठरवणार कोण हे लिहिल्यावर मात्र मसुदा पालटला. प्रस्तावना गळून पडली.

निष्कर्ष आधी, कारणं नंतर ही पद्धत मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या बार्बरा मिंटो यांनी मांडलेली आहे. सल्लागार मंडळी ती अनेक दशकं वापरतात. आमच्याकडे ती सरळ लागू पडते, कारण संचालक पहिल्या तीन ओळी वाचून चीफ अकाउंटंटकडे बघतात.

४ ऑगस्ट

'बाहेरचं काहीही नको' ही ओळ साच्यात का हवी ते आज उघड दिसलं. मुद्दाम ती ओळ काढून एफआरपीवर, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरावर, छोटी टिपणी मागितली होती. मसुद्यात आलं की महाराष्ट्रात एफआरपी दोन हप्त्यांत देता येते, आणि खाली राज्य सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाचा दाखला. निर्णय खरा होता, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. जुनं वाक्य तसंच मंडळापुढे गेलं असतं, तर दोन हप्त्यांच्या हिशेबाने रोकड आखली गेली असती आणि उत्पादकांचे पैसे अडकले असते.

दुसरी गोष्ट आकडेमोडीची. यंदाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. उतारा ११.२५ धरला तर दहा टप्पे, म्हणजे ३४ रुपये ६० पैसे. एकूण ३८९ रुपये ६० पैसे क्विंटलला, टनाला ३,८९६. तोडणी-वाहतूक ९०० धरून वजा केली की हातात २,९९६. मसुद्यात पायाभूत दर टनात घेतला होता आणि वाढीव रक्कम क्विंटलचीच ठेवली होती: ३,५५० अधिक ३४ रुपये ६० पैसे. टनामागे तीनशेहून जास्त रुपये गायब, आणि वाक्य मात्र ठाम.

तेव्हापासून दोन नियम पक्के. आकडेमोड एक्सेलमध्ये करायची आणि तयार आकडा कागद म्हणून जोडायचा. आणि साच्यात एक ओळ वाढवायची: 'जोडलेल्या कागदात माहिती नसेल तर अंदाज करू नकोस, "कागदात नाही" असं लिही.' या ओळीचा उपयोग वाटला त्याहून जास्त आहे. मसुद्यात 'कागदात नाही' जिथे जिथे येतं, ती आपोआप आमच्या कामाची यादी होते. पुढच्या मसुद्यात हे शब्द तीन ठिकाणी आले: डिस्टिलरीची प्रत्यक्ष क्षमता, मळीच्या टाक्यांची साठवण, आणि बँकेच्या मालतारण कर्जाचं (साखर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचं) व्याज. तिन्ही आकडे संबंधित खात्यांकडून सहीनिशी मागवले.

१८ ऑगस्ट

काय जोडायचं नाही त्याची यादी साहेबांच्या सहीने निघाली. सभासदांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती, ऊसतोडणी टोळ्या-मुकादमांचे करार आणि निविदा उघडण्याआधीचे आमचे दर. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी ही यादी हवीच होती. सभासदाने बँकेचं पासबुक कारखान्याच्या विश्वासावर दिलेलं असतं.

३ सप्टेंबर

केंद्राने येत्या पुरवठा वर्षासाठी रस, बी-हेवी आणि सी-हेवी तिन्हींपासून इथेनॉलला मर्यादेविना मोकळीक दिली. डिस्टिलरी मॅनेजर खूश आहेत.

साहेबांनी मात्र पार्श्वभूमीच्या कागदात ७ डिसेंबर २०२३ चा आदेश घालायला सांगितला. त्या दिवशी हंगाम ऐन भरात असताना केंद्राने रस आणि सिरपपासून इथेनॉल थांबवलं होतं. आठवड्याभरात थोडी ढील मिळाली, १७ लाख टन साखर वळवायला परवानगी आली, पण आखलेलं गणित तोवर कोलमडलं होतं. मोकळीक म्हणजे हमी नव्हे, हे मंडळाला कागदावर दिसायला हवं.

कागद जोडण्याच्या क्रमाचाही फरक पडतो. २०२३ मधल्या एका संशोधनात दाखवलं होतं की लांबलचक मजकूर दिला की ही मॉडेल्स सुरुवातीचं आणि शेवटचं नीट पकडतात, मधलं निसटतं. आम्ही मागच्या हंगामाचा अख्खा अहवाल जोडला होता, आणि मधल्या पानांतला बगॅस (उसाची चिपाडं) बचतीचा तक्ता मसुद्यात आलाच नाही. आता प्रत्येक कागदाचं वेगळं अर्धपानी टाचण करतो, वर क्रमांक घालतो, आणि मसुद्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे टाचणाचा क्रमांक मागतो.

१२ सप्टेंबर

आज मुख्य गणित. चीफ केमिस्टने दिलेली ढोबळ गृहीतकं अशी: एक टन उसामागे सी-हेवीच्या वाटेने साधारण १०.८ लिटर इथेनॉल. बी-हेवीच्या वाटेने साधारण २१ लिटर, पण साखर १६ किलोने कमी. इथेनॉलचे दर सी-हेवीला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे. बी-हेवीचं उत्पन्न १,२७५ रुपये, सी-हेवीचं ६२६, म्हणजे वाढीव ६४९. सोडून द्यावी लागणारी साखर १६ किलो. क्विंटलचा दर ३,८५० धरला तर ६१६ रुपये. टनामागे फायदा ३३ रुपयांचा, तोही वाढीव वाफ आणि डिस्टिलरीचा खर्च न धरता. साखर किलोला ४० रुपये ५८ पैशांवर गेली की फायदा शून्य.

रसाचा पर्याय या टिपणीत घेतला नाही. रस साठवून ठेवता येत नाही, मळी हंगाम संपल्यावरही डिस्टिलरीला पुरते.

हे गणित मांडून झाल्यावर एक चाचणी घेतली, आणि या सगळ्या प्रकल्पात मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेच कागद जोडून एका नव्या संवादात विचारलं, 'बी-हेवी आपल्या फायद्याचं आहे, हे मंडळाला कसं पटवावं?' उत्तरात बी-हेवीची बाजू मुद्देसूद आली: रोकड लवकर हातात येते, साखरेचे साठे पडून राहत नाहीत, तेल कंपन्यांचे पैसे वेळेवर येतात. दुसऱ्या नव्या संवादात विचारलं, 'यंदा बी-हेवी टाळणंच शहाणपणाचं, हे कसं मांडावं?' तितक्याच ठामपणे उलटी बाजू आली: साखरेचे दर चढे आहेत, बी-हेवीचा दर २०२२-२३ पासून वाढलेला नाही, धोरण बेभरवशाचं आहे. ३३ रुपयांचा काठ एवढा बारीक आहे की दोन्ही बाजूंना खरे मुद्दे सापडतात. विचारणाऱ्याच्या मनातलं उत्तर प्रश्नात उतरलं की यंत्र त्याला दुजोरा देतं.

साहेब किंवा चेअरमन यांच्यासारख्या माणसाला हा धोका इतरांहून मोठा. त्यांच्या शब्दाला दुजोरा देणारी माणसं आधीच पुष्कळ असतात. म्हणून साच्यात नवा नियम आला: प्रश्नात शिफारस सुचवायची नाही. आधी दोन्ही पर्याय समान मापाने मांडायला सांगायचे, आणि मग विचारायचं, 'पहिला पर्याय बरोबर ठरायचा असेल तर काय काय खरं असावं लागेल? दुसऱ्यासाठी काय?' या प्रश्नाला आलेलं उत्तर छापण्यासारखं होतं. बी-हेवीसाठी साखरेचा दर चाळिशीच्या आत राहायला हवा, तेल कंपन्यांना आम्ही देऊ केलेल्या इथेनॉलपैकी (देकारापैकी) मोठा वाटा मंजूर व्हायला हवा, आणि हंगामात धोरण बदलायला नको. वाद कशावर घालायचा ते तीन ओळींत स्पष्ट झालं.

१९ सप्टेंबर

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक रीत आहे. निर्णय अमलात आणण्याआधीच तो फसला असं धरून चालायचं आणि कारणं शोधायची. प्रश्न असा केला: 'आज एप्रिल २०२६ आहे. बी-हेवीचा निर्णय कारखान्याला तोट्यात घालून गेला. काय झालं असेल? कारणं संभाव्यतेच्या क्रमाने, प्रत्येकापुढे ते आधी कशावरून ओळखता आलं असतं ते लिही.'

यंत्राने दिलेली कारणं: साखरेची दरवाढ, देकारापेक्षा कमी वाटप, केंद्राचा मध्येच आदेश, परतीच्या पावसाने उसाचं नुकसान, तेल कंपन्यांच्या डेपोवर टँकर खाली व्हायला उशीर. सगळी रास्त.

मग ही यादी खातेप्रमुखांच्या बैठकीत फिरवली. चीफ केमिस्ट थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात तिसरी टाकी नाही." तिसऱ्या टाकीची कूलिंग कॉइल गेल्या उन्हाळ्यात बदलायची राहून गेली आहे. मळी गरम राहिली की फेसाळते, साखर जळते आणि इथेनॉलचा उतारा पडतो. बी-हेवीत साखर जास्त, म्हणून नुकसानही जास्त. हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. शेती अधिकाऱ्यांनी आणखी एक भर घातली: शेजारच्या कारखान्याने पहिली उचल (उसाच्या पैशांचा पहिला हप्ता) जास्त जाहीर केली तर ऊस तिकडे जाईल आणि मळीच कमी पडेल.

यंत्राची यादी समोर असल्यामुळे बोलणं सोपं गेलं असं मला वाटतं. साहेबांच्या तोंडावर 'हे फसेल' म्हणणं खातेप्रमुखाला जड जातं. यादीत काय राहिलं ते सांगणं जड जात नाही. कॉइलची मागणी त्याच दिवशी खरेदी विभागाकडे गेली.

२९ सप्टेंबर

पावसाने हाहाकार. मराठवाड्यात आणि सोलापूर भागात शेतं पाण्याखाली. आमच्या गटातही नदीकाठचा ऊस आडवा झालाय. गृहीतकांच्या तक्त्यात गाळप आणि उतारा या दोनच ओळी बदलल्या, एक्सेल पुन्हा चालवलं, नवी टाचणं जोडली. टिपणी अर्ध्या तासात नव्याने उभी राहिली. पूर्वी याला चार दिवस लागत.

त्याच दिवशी उत्पादकांना संदेश पाठवायचा होता. यंत्राचा पहिला मसुदा: 'आपणांस कळविण्यात येते की, अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर आपल्या ऊस पिकाच्या संरक्षणार्थ योग्य त्या उपाययोजना कराव्यात.' पाण्यात उभ्या माणसाला याचा काय उपयोग? मग शेती अधिकाऱ्यांनी पूर्वी लिहिलेले चार संदेश नमुना म्हणून दिले आणि 'याच माणसाने लिहिल्यासारखं लिही' म्हटलं. आलं ते असं: 'पाणी चरीने बाहेर काढा. वाफसा आला की आडवा ऊस बांधून घ्या. नुकसानीची नोंद गट ऑफिसला द्या. पडलेल्या उसाला तोड आधी.' शेवटचं वाक्य नमुन्यांपैकी जुन्या संदेशातून आलं होतं. तो धोरणाचा निर्णय होता, संदेशातल्या शब्दांचा नव्हे, म्हणून थांबून साहेबांना विचारलं. त्यांनी शेती विभागाशी बोलून होकार दिला, मग संदेश गेला.

८ ऑक्टोबर

साहेबांनी बातमी पाठवली. डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने तिथल्या सरकारला दिलेल्या ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातलं बनावट अवतरण निघालं. एआय वापरल्याचं मान्य झालं, काही रक्कम परत द्यावी लागली.

टिपणीच्या तळाशी आता चौकट असते: आकडा, टाचण क्रमांक, आकडा देणाऱ्या खातेप्रमुखाची सही. सही नसेल तर आकडा काढून टाकायचा.

१७ ऑक्टोबर

तेल कंपन्यांच्या इथेनॉल खरेदीचं वाटप जाहीर झालं. देशभरातून सुमारे १,७७६ कोटी लिटरचे देकार, मंजूर सुमारे १,०४८ कोटी. त्यात उसापासूनच्या इथेनॉलचा वाटा जेमतेम २८९ कोटी लिटर, बाकी धान्यापासून, मुख्यतः मका आणि तांदूळ. आमच्याही देकाराला मोठी कात्री लागली.

फसण्याच्या यादीतलं दुसरं कारण खरं ठरलं. पण टिपणीत त्याची अट आधीच लिहिलेली होती: वाटप देकाराच्या दोन तृतीयांशाहून कमी आलं तर बी-हेवी पहिल्या दोन महिन्यांपुरतं मर्यादित ठेवायचं, पुढचं साखरेच्या दरावर ठरवायचं. ही अट चीफ अकाउंटंटची, मांडणी यंत्राची.

२४ ऑक्टोबर

बैठक झाली. टिपणी दीड पानाची. एका ज्येष्ठ संचालकांनी चष्मा लावून चौकट वाचली आणि विचारलं, "हे सोळा किलो कोण म्हणतंय?" चीफ केमिस्ट उठले, मागच्या तीन हंगामांचे प्रयोगशाळेचे आकडे त्यांनी सांगितले. पुढची चर्चा साखरेच्या दरावर आणि तिसऱ्या टाकीवर झाली. विषय काय आहे, हे कुणी विचारलं नाही. मर्यादित बी-हेवीचा ठराव झाला. एका संचालकांनी विरोध नोंदवला. त्यांच्या मते यंदा पूर्ण सी-हेवी करून साखर धरून ठेवावी.

संध्याकाळी माझ्या हाताने लिहिलेल्या टाचणावरून इतिवृत्ताचा मसुदा मागितला. यंत्राने लिहिलं, 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' विरोध टाचणात स्पष्ट लिहिलेला होता. इतिवृत्तांची भाषा ज्या साच्याची असते, त्यात ते वाक्य आपसूक येतं. पण नोंदवलेला विरोध पुसला जाणं सहकारात फार गंभीर आहे. उद्या नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, ते त्या एका ओळीवर ठरू शकतं. इतिवृत्ताच्या साच्यात आता पहिलीच मागणी आहे: 'विरोध, तटस्थता आणि अटी आधी वेगळ्या लिही. त्यानंतर ठराव.' बैठकीचं ध्वनिमुद्रण यंत्राला द्यायचं नाही, हेही ठरलं.

१० नोव्हेंबर

हंगाम १ तारखेला सुरू झाला. गव्हाणीत मोळी पडली, पहिल्या दिवसांचा उतारा कमी आहे, पावसाने ते होणारच होतं. साखरेचा दर रोज सकाळी तक्त्यात भरतो. ४० रुपये ५८ पैसे ही ओळ लाल केली आहे.

साचा सगळ्या खात्यांना दिला. चीफ अकाउंटंट यंत्र वापरत नाहीत आणि वापरणारही नाहीत, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण साचा त्यांनी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, आणि मालतारण कर्जाची परवाची टिपणी त्याच क्रमाने हाताने लिहून आली: शिफारस वर, गृहीतकं मध्ये, विरुद्धचा जड मुद्दा खाली. अशी टिपणी त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच वाचली. साहेबांनी एकही प्रश्न न विचारता ती पुढे पाठवली.

पुढची टिपणी तोडणी-वाहतूक ॲडव्हान्सच्या थकबाकीची. बुडीत किती धरायची आणि हार्वेस्टर किती वाढवायचे, असा प्रश्न आहे. यात मुकादमांची नावं येतात, म्हणून करार विभागाकडून नावांऐवजी क्रमांक घातलेली फाइल मागवली आहे. ती शुक्रवारपर्यंत येईल. तोवर शेती अधिकाऱ्यांसोबत बसून 'निर्णय' आणि 'निर्णय घेणार' या दोन ओळी भरायच्या आहेत. ॲडव्हान्स वसुलीचा अधिकार गट कार्यालयाकडे किती आणि मंडळाकडे किती, यावरच अजून एकमत नाही.